अण्णांची मोटार आणि अर्धा सूत

आमच्या रामबागेतल्या घरी बाहेरच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे. वरच्या फळीवर चांदीचा गणपती, मधल्या फळीवर बक्षिसांचे कप आणि खालच्या फळीवर पत्र्याची एक मोटार. लांबी अकरा इंच, अंग केशरी, मडगार्डं काळी. घरी पाहुणे आले की चहा येईपर्यंत बापूकाका ती मोटार दाखवणार आणि सांगणार, "ही होळकर महाराजांची गाडी. आमच्या अण्णांनी डोळ्यांनी बघून केली." हे मी लहानपणापासून ऐकत आलो. पुढे मीही लोकांना तसंच सांगत होतो.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. होळकर सरकारच्या मोटारखान्यात भांडारात कारकून होते. टायर, ट्यूब, तेल, ग्रीस यांचा हिशेब त्यांच्याकडे. 1948 साली संस्थान मध्यभारतात विलीन झालं, तेव्हा इंदूरच्या कितीतरी मराठी घरांतली पिढ्यांची चाकरी गेली किंवा बदलली. अण्णांनी मग एका दुकानात हिशेब लिहिले. 1958 मध्ये ते गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही, मला माहीत होती ती फक्त ही मोटार.

महाराजांच्या गाड्यांचं वेड इंदुरात कुणाला नवीन नाही. यशवंतराव होळकर, दुसरे, जन्म 1908. वडिलांनी 1926 मध्ये गादी सोडली आणि हे गादीवर आले. ऑक्सफर्डला शिकलेले. त्यांनी जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियुस याच्याकडून माणिकबाग बांधून घेतली. त्या महालातलं फर्निचर एवढं नवं आणि वेगळं होतं की 1980 साली मोनाकोत त्याचा लिलाव झाला. अशा माणसाच्या मोटारीही साध्या कशा असणार? त्यांची सगळ्यांत गाजलेली गाडी म्हणजे अमेरिकन ड्यूसेनबर्ग. तिच्या अंगावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने घडवलेली बॉडी होती आणि रंग केशरी-काळा. ड्यूसेनबर्गचं हे 'जे' मॉडेल 1928 च्या शेवटी आलं. आठ सिलिंडर एका रांगेत, सुमारे 6.9 लिटरचं इंजिन, 265 हॉर्सपॉवर. सुपरचार्जर लावलं की 320. कंपनी 1937 मध्ये बंद पडली, तोवर अशा पाचशेही गाड्या झाल्या नव्हत्या. त्यातली एक आपल्या इंदूरच्या महाराजांची! मग रामबागेतल्या एका कारकुनाच्या घरात तिची प्रतिकृती असणं म्हणजे केवढी गोष्ट.

माझा स्वतःचा छंद तिथूनच सुरू झाला. सत्तरच्या दशकात मी रानीपुऱ्यात वडिलांचं बोट धरून जायचो. तिथे 'निकी टॉईज'च्या धातूच्या गाड्या मिळायच्या. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या प्रसिद्ध 'डिंकी' गाड्यांचे काही जुने साचे साठच्या दशकाच्या शेवटी कलकत्त्याला आले आणि त्यांतून या निकी गाड्या निघाल्या. रंग जाडाभरडा, चाकं थोडी वाकडी, पण आमच्यासाठी ती श्रीमंती होती. पुढे अमेरिकेतून आलेल्या एका नातेवाइकाने प्लॅस्टिकचा किट आणला. सुटे भाग फ्रेममधून कापायचे, कडा घासायच्या, चिकटवायचे, रंगवायचे. त्या दिवसापासून मी बिघडलो तो बिघडलोच. बँकेतून निवृत्त झाल्यावर तर माळ्यावरची खोलीच मी वर्कशॉप केली. बायको म्हणते, "अहो, खऱ्या गाडीचं पंक्चर काढायला तुम्हाला माणूस लागतो!" खरंच लागतो.

या छंदात पहिला धडा रंगाचा नसतो, प्रमाणाचा असतो. प्रमाण म्हणजे स्केल. 1:24 हा आकडा वरून पडलेला नाही. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलवर अर्धा इंच, म्हणून 1:24. एका फुटाला तीन अष्टमांश इंच घेतला की 1:32. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत 'हायवे पायोनियर्स' नावाचे जुन्या मोटारींचे प्लॅस्टिक किट आले, ते या मापाचे. डिंकीसारख्या गाड्यांचं 1:43 हे माप खेळण्यातल्या रेल्वेवरून आलं. त्या रेल्वेत एका फुटाला सात मिलिमीटर धरत, आणि स्टेशनाबाहेर उभी करायची मोटारही त्याच मापाची हवी. म्हणजे सगळ्या आकड्यांच्या मागे कुणाची तरी फूटपट्टी आहे. हे पुढे कामाला येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

अण्णांच्या काळात परदेशातही मॉडेल करणारे बहुतेक हातानेच करत. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1930 मध्ये मुलांसाठी 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' सुरू केलं. आधी नेपोलियनच्या काळची घोडागाडी आणि नंतर स्वतः कल्पिलेल्या मोटारी मुलं लाकडातून कोरायची. ती स्पर्धा 1968 पर्यंत चालली. डबा उघडला आणि तयार भाग निघाले, हे सुख खूप नंतरचं. इंदुरात तर पत्रा कापायची कात्री, कानस आणि डाग द्यायचा खैय्या, एवढंच साधन.

तर गेल्या पावसाळ्यात कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल आली. मोटारीचं डावं मडगार्ड गंजून सुटलं. बापूकाका आता 82 वर्षांचे. मला म्हणाले, "तू एवढ्या गाड्या करतोस, ही नीट करून दे. गणपतीच्या आत हवी." मंडळाने यंदा घराघरांतल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं होतं. प्रत्येक वस्तूशेजारी माहितीचं कार्ड ठेवायचं होतं. कार्ड लिहायचं कामही माझ्याकडेच आलं.

मोटार टेबलावर घेतली आणि पहिल्यांदाच ती मॉडेल करणाऱ्याच्या नजरेने बघितली. बघितली आणि पोटात गोळा आला. महाराजांची ती ड्यूसेनबर्ग उघडी, दोन जणांची, लांबलचक बॉनेटची. ही गाडी बंद टपाची, चार दारांची. मी इतकी वर्षं हे कसं पाहिलं नाही? कारण बघायचं काय ते आधीच सांगितलेलं होतं.

मडगार्डाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, बारीक वॉटर पेपरने नखाएवढी जागा घासली. वर काळा, खाली पुन्हा काळा, त्याखाली तांबूस अस्तर. मग बॉडीच्या तळाकडच्या कडेला घासलं. वर केशरी, जाड, ब्रशचे ओघळ असलेला. त्याखाली पातळ, गुळगुळीत काळा. तसा रंग देणारा हात वेगळा होता. म्हणजे मोटार मुळात सगळीच काळी होती.

मग मापं घेतली. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर नेमकं सात इंच. चाकाचा व्यास पावणेदोन इंच. आकडे इतके सरळ आले की माझा विश्वास बसेना. हाताने केलेल्या वस्तूत सरळ आकडा निघाला की समजावं, करणाऱ्याने माप ठरवून काम केलं आहे.

आजीच्या ट्रंकेत अण्णांची एक हिशेबाची वही होती. ती मी लहानपणी पाहिली होती, टायरचे नंबर बघून मिटली होती. आता पुन्हा काढली. शेवटच्या चार पानांवर हिशेब नव्हता. वर लिहिलं होतं, 'फोर्ड आठ शिलिंडर, कामाची गाडी'. खाली: 'चाक ते चाक 9 फूट 4 इंच. टायर 5.50 × 17.' आणि दारं, काचा, टप, बॉनेट, सगळ्यांची मापं. प्रत्येकापुढे दुसरा आकडा, सुतांत.

नऊ फूट चार इंच म्हणजे 112 इंच. त्याला सोळाने भागा. सात. साडेपाच इंची टायर सतरा इंची चाकावर चढवला की बाहेरचा व्यास 28 इंच होतो. सोळाने भागा. पावणेदोन.

सोळाच का? आपल्याकडे कारागीर इंचाचे आठ सूत करतात. अर्धा सूत म्हणजे इंचाचा सोळावा भाग, लोखंडी फूटपट्टीवरची सर्वांत लहान रेघ. अण्णांनी ठरवलं, खऱ्या गाडीचा एक इंच म्हणजे मॉडेलवर अर्धा सूत. मग भागाकार नको, गुणाकार नको, नुसत्या रेघा मोजायच्या. महायुद्धानंतर अमेरिकेत जुन्या मोटारींचे लाकडी किट निघाले, तेही याच 1:16 मापाचे. इंदुरातल्या या कारकुनाला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याला त्याच्या पट्टीने सांगितलं.

गाडी कोणती तेही आता कळलं. फोर्डची व्ही-एट 1932 मध्ये आली, आणि साध्या माणसाच्या पैशात आठ सिलिंडर देणारी गाडी म्हणून तिचं नाव झालं. पहिल्या वर्षीच्या गाडीत चाक ते चाक 106 इंच होते, 1933 पासून 112 झाले. सतराचं चाक 1933 आणि 1934 या दोनच वर्षांचं, 1935 मध्ये सोळाचं आलं. राहिली दोन वर्षं. अण्णांनी बॉनेटच्या दोन्ही बाजूंना पितळेच्या दोन-दोन मुठी बसवल्या आहेत. 1933 च्या गाडीला बाजूला एकच मूठ, 1934 ला दोन. बॉनेटवरच्या हवेच्या फटीही सरळ कापल्या आहेत, 1933 सारख्या वळवलेल्या नाहीत. म्हणजे 1934 ची फोर्ड व्ही-एट. फोर्डने 1926 मध्येच हिंदुस्थानात कंपनी काढली होती. मुंबई, मद्रास, कलकत्त्याला तिच्या गाड्या जोडल्या जात. मोटारखान्यात राबणारी, धुळीतून जाणारी गाडी.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, रात्रभर. सकाळी प्रश्न पडला, की काकांना सांगायचं कसं. ज्या माणसाने साठ वर्षं एकच गोष्ट अभिमानाने सांगितली, त्याला म्हातारपणी प्रदर्शनाच्या तोंडावर खोटं ठरवायचं? कार्डावर 'महाराजांची गाडी' लिहिलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. दोन दिवस मी काहीच लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी वही, फूटपट्टी आणि मोटार घेऊन त्यांच्या खोलीत गेलो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. सुती पंचाने चष्मा पुसला. मग म्हणाले, "केशरी रंग मी दिलाय."

मी गप्प.

"1961 साली महाराज गेले. मी अठराचा होतो. गल्लीत जो तो सांगत होता, माझे वडील शिकारीला बरोबर जायचे, माझे वडील दरबारात बसायचे. आमच्या अण्णांचं काय? टायरची वही! सियागंजात ट्रक रंगवणाऱ्याकडून उरलेला डबा आणला आणि एका दुपारी फासला. आई आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. एवढंच म्हणाली, त्यांनी हात लावलेली गाडी केली होती रे."

हे वाक्य मला अजून सोडत नाही. महाराजांची गाडी अण्णांनी लांबून पाहिलीही असेल. पण पट्टी लावून मोजता आली ती ही फोर्ड. जिचे टायर त्यांनी वहीत चढवले, तिचीच मोटार त्यांनी केली, आणि इमानदारीने केली.

आता रंगाचं काय? काका म्हणाले, "काढून टाक तो केशरी." मी त्यांना थांबवलं. छंदात मी एक शिकलोय, जुन्या कामावरचा थर खरवडायला पाच मिनिटं लागतात आणि परत कधीच येत नाही. शिवाय हिशेब करा, अण्णांचा काळा रंग उघड्यावर राहिला त्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं हा केशरी राहिलाय. तोही आमच्या घराचा इतिहासच आहे, फक्त त्याला खरं नाव द्यायला हवं. मी मडगार्डाचा गंज काढला, डाग देऊन ते जोडलं, जोडाला अस्तर दिलं. बाकी काही रंगवलं नाही. तळाकडची घासलेली जागा तशीच उघडी ठेवली, आरसा धरला की काळा दिसतो.

कार्डावर मी लिहिलं: 'फोर्ड व्ही-एट, 1934. प्रमाण 1:16. होळकर मोटारखान्याच्या भांडारातील कारकुनाने स्वतः मापं घेऊन पत्र्यात केली.' काकांनी पेन मागितलं आणि थरथरत्या अक्षरात खाली भर घातली: 'केशरी रंग मुलाने 1961 मध्ये दिला. मूळ रंग काळा.'

प्रदर्शनाच्या दिवशी मोटारीशेजारी वही उघडी ठेवली होती. मला वाटलं होतं, महाराजांचं नाव गेलं म्हणजे लोक पुढे सरकतील. काही सरकलेही. पण एक सात-आठ वर्षांची मुलगी अडून बसली, हे सूत म्हणजे काय? काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि तिच्या हातात लोखंडी पट्टी दिली. ती रेघा मोजत होती, आणि काका सांगत होते की अण्णा टायरचा हिशेब ठेवायचे.

मंडळी, ग्वाल्हेर, बडोदा, धार, देवास, हैदराबाद, आपल्या सगळ्यांच्या घरी अशा वस्तू आहेत आणि त्यांच्याबरोबर आलेल्या गोष्टी आहेत. गोष्ट सांगा, जरूर सांगा. पण वस्तूबरोबरची वही, पावती, चिठ्ठी रद्दीत देऊ नका. आणि घरात 80 च्या पुढचं कुणी असेल तर त्यांना एकदा शांतपणे विचारा, हा रंग कुणी दिला?