नजरबादचे दगड आणि चामुंडीचा नंदी

म्हैसूर शहराच्या पूर्व भागातील नजरबाद ही वस्ती चामुंडी टेकडीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. ‘नजर’ आणि ‘आबाद’ हे दोन्ही शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचे आहेत. वस्तीचा इतिहास मात्र तितका परिचित नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला मोडविला आणि त्याचे दगड जवळच्या उंचवट्यावर नेऊन नवा किल्ला उभारावयास घेतला. तोच नजरबाद. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, आणि त्याच वर्षी ३० जून रोजी सुमारे पाच वर्षांच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांना गादीवर बसविण्यात आले. जुने म्हैसूर पुन्हा बांधावयाचे ठरले, तेव्हा नजरबादच्या अपुऱ्या तटाचे दगड माघारी वाहून नेण्यात आले. एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत त्याच दगडांचा दोनदा प्रवास झाला. टिपूच्या महसुली दप्तरात कानडी आणि फारसीबरोबर मराठीतही हिशेब ठेवले जात. त्याच्या व पुढे वडियारांच्याही सेवेत राहिलेला दिवाण पूर्णय्या हा देशस्थ ब्राह्मण होता. राज्ये बदलली तरी दप्तर आणि दगड दोन्ही पुन्हा उपयोगात आले.

या वस्तीवरून पुढे टेकडी चढू लागले म्हणजे नेमकी उलट गोष्ट पाहावयास मिळते. चामुंडी टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४८९ फूट उंच आहे. पायथ्यापासून देवळापर्यंत सुमारे एक हजार दगडी पायऱ्या आहेत. परंपरेने त्यांची संख्या १००८ मानली जाते. १६५९ ते १६७३ या काळात राज्य करणाऱ्या दोड्ड देवराज वडियारांनी या पायऱ्या बांधविल्या. चढणीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग सरला, दम लागला, पाय थांबले, की समोर बसलेला नंदी दिसतो. उंची सुमारे १६ फूट, गळ्यात घंटांच्या माळा, अंगावर कोरलेले अलंकार. हाही दोड्ड देवराजांच्याच कारकिर्दीतला. तो कोठूनही आणलेला नाही. टेकडीवरचा एक अखंड खडक जागच्या जागीच कोरून तो घडविला आहे. म्हणूनच पुढच्या कोणत्याही राज्यकर्त्याला तो किल्ल्याच्या दगडांसारखा हलविता आला नाही.

जागच्या जागी कोरण्याची ही रीत मराठी मुलखाला नवी नाही. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात, माथ्याकडून पायाकडे असेच खोदत नेले. अशा कामात दगड जोडावयाचा नसतो, केवळ काढावयाचा असतो. एकदा निघालेला कपरा परत बसविता येत नाही. वेरूळचा कारागीर बसाल्टावर काम करीत होता, म्हैसूरचा कारागीर ग्रॅनाइटावर. जवळच सोमनाथपूर येथे होयसळ शिल्पींनी तेराव्या शतकात मऊ शंखजिऱ्याच्या दगडात दागिन्यासारखे नाजूक कोरीव काम केले. ग्रॅनाइट तेवढी नाजुकता सहसा देत नाही. नंदीच्या अंगावरील घंटा आणि साखळ्या पाहताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

देवी चामुंडेचे वाहन सिंह. मग तिच्या वाटेवर एवढा मोठा नंदी का? याचे उत्तर टेकडीच्या जुन्या नावात शोधावे लागते. होयसळ राजा विष्णुवर्धनाच्या काळातील ११२८ च्या लेखात या स्थानाचा उल्लेख ‘मारबळ’ तीर्थ असा येतो, आणि टेकडीवर महाबळेश्वराचे जुने शिवालय आजही आहे. नंदीमागे लहानशा गुहेत शिवलिंगाचेही स्थान आहे. देवीचे माहात्म्य वडियारांची कुलदेवता म्हणून वाढत गेले, तिसऱ्या कृष्णराजांनी १८२७ मध्ये देवळाचे गोपुर बांधविले. पण त्याखालचा शैव थर पुसला गेला नाही. वणीच्या सप्तशृंगीला महिषासुरमर्दिनीचे दर्शन घेतलेल्या मराठी यात्रेकरूला चामुंडीचे दैवत ओळखीचे वाटते. पायऱ्यांना हळदकुंकू लावीत चढणाऱ्या स्त्रियाही त्याला येथे भेटतात.

विष्णुवर्धनाच्याच काळाशी मराठीचा आणखी एक धागा जोडलेला आहे. त्याचा सेनापती गंगराज याने श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराभोवती आवार बांधविले. दहाव्या शतकाच्या अखेरीस चामुंडरायाने विंध्यगिरीच्या माथ्यावर घडविलेली ही मूर्तीदेखील त्या डोंगराच्याच खडकातून कोरलेली आहे. तिच्या पायाशी चामुंडराय आणि गंगराज या दोघांची कामे सांगणारा नागरी लिपीतील मराठी लेख आहे. तो दीर्घकाळ आद्य मराठी शिलालेख मानला गेला. पुढे त्याच्या काळाविषयी वाद झाला आणि अक्षी येथील १०१२ च्या लेखाला तो मान देण्याकडे अनेक अभ्यासकांचा कल झाला. पहिलेपणाचा निवाडा काहीही होवो, त्या लेखाचे स्थान विचारात घेण्यासारखे आहे. सहाशेहून अधिक पायऱ्या चढून आलेल्या माणसासाठी तो लिहिलेला आहे. दोन्ही डोंगरांवर शिल्प आणि चढण ही एकाच योजनेची अंगे आहेत.

आज या योजनेचा एक भाग ढिला होत चालला आहे. मोटारीचा रस्ता झाल्यापासून बहुसंख्य भाविक थेट माथ्यावर पोचतात. नंदी त्यांच्यासाठी वाटेत उतरून पाहावयाचे एक ठिकाण होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये अतिवृष्टीने नंदीकडील रस्त्याचा भाग खचला. २०२२ मध्ये रज्जुमार्गाची योजना पुढे आली आणि नागरिकांच्या व निसर्गप्रेमींच्या विरोधानंतर त्याच वर्षी मागे घेतली गेली. वृद्धांना आणि अपंगांना देवीचे दर्शन घडावे ही मागणी रास्त आहे, आणि रस्त्याने तिची सोयही केली आहे. परंतु डोंगरउतार ठिसूळ होत असताना प्रत्येक नव्या सोयीची किंमत अखेर त्याच खडकाला द्यावी लागते, ज्यातून नंदी कोरलेला आहे.

या वादात पायी चढणाऱ्यांचे महत्त्व कळते. पहाटे शहरातून निघून टेकडी चढणाऱ्या मंडळ्यांत भाविक असतात, व्यायामासाठी येणारे असतात, केवळ शिल्प पाहण्यास आलेलेही असतात. पायरी कोठे निसटली, पाणी कोठे मुरते, झुडूप कोणत्या सांध्यात शिरले, हे त्यांना रोज दिसते. राजाज्ञेने कोरलेल्या शिल्पाची राखण आज अशा बिनहुद्द्याच्या माणसांच्या नजरेवरही अवलंबून आहे. नजरबादचा किल्ला उरला नाही. त्याच्या नावातला पहिला शब्द मात्र या टेकडीला अजून हवा आहे.