सुपारी, उचल आणि पायातले चाळ

पुणे-नाशिक रस्त्यावरचे नारायणगाव एरवी द्राक्षांचे आणि टोमॅटोच्या बाजाराचे गाव. फाल्गुन सरत आला की तिथे तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. राहुटीवर फडाचा फलक, फलकावर मालकाचे किंवा मालकिणीचे नाव ठळक अक्षरांत, भोवती नर्तकींचे फोटो. आत सतरंजी, एखादे टेबल आणि तारखांची वही. गुढीपाडव्याच्या आसपास गावोगावचे पंच आणि यात्रा कमिटीची माणसे गाड्या करून येतात आणि एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत फिरतात. नाचायला किती जणी आहेत, ढोलकीवर कोण, वग कोणता, सगळे विचारून घेतात. घासाघीस होते, इसार दिला जातो आणि वहीत ठरलेल्या तिथीपुढे गावाचे नाव चढते. याला सुपारी म्हणतात. चैत्र पौर्णिमा आणि कालाष्टमी या तिथींना एकाच वेळी अनेक गावांच्या यात्रा असतात, म्हणून त्यांचा भाव सर्वांत चढा. पुढच्या आठवड्यातली साधी तारीख त्यामानाने स्वस्तात मिळते.

गाव पैसे मोजते ते बरेचसे नाचणाऱ्या बाईसाठी. पण सुपारी ठरते तेव्हा ती राहुटीत बसलेली नसते. ती कुठेतरी तालमीत असते, किंवा आदल्या रात्रीच्या खेळानंतर झोपलेली असते. तिचे मोल ठरवणारा माणूस वेगळा आणि ते मोजणारा वेगळा. महाराष्ट्रातल्या लावणी कलावतींच्या कामाचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हीच रचना वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येते. म्हणूनच त्या टेबलामागे एखादी बाई स्वतः जाऊन बसली, ते प्रसंग फार मोलाचे आहेत.

पेशवाईच्या उत्तरार्धात पुणे हे लावणीचे मोठे ठिकाण होते. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर हे शाहीर त्याच काळातले. दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय या कलेला होता. सरदारांच्या वाड्यांत नाटकशाळा असत. तिथल्या नर्तकी पदरी बाळगलेल्या असत, त्यांना नेमणूक आणि कपडालत्ता मिळे. या स्त्रियांपैकी अनेकींना स्वतःच्या मर्जीने धनी बदलता येत नसे. कुणबिणींची खरेदी-विक्री त्या समाजात राजरोस चालत होती आणि नाचगाणे शिकवलेली मुलगी हा त्या व्यवहाराचाच भाग होता. लोकांसमोरच्या तमाशात मात्र बाई नव्हती. तिथे लुगडे नेसून नाच्या पोऱ्या नाचायचा. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, वाडे रिकामे झाले आणि कलावंतांना बाजारात उतरावे लागले.

तमाशाच्या बोर्डावर उघडपणे नाचायला आलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाई हिवरगावकर यांचे नाव घेतले जाते. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची ही महार समाजातली मुलगी. पठ्ठे बापूराव म्हणजे मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. ते घर आणि वतन सोडून तमाशात आले. बापूरावांची लेखणी आणि पवळाचा गळा-पाय यांनी मुंबई वेडी केली. मराठी लेखकांनी ही जोडी प्रेमकथेसारखी रंगवली आहे. कामाच्या अंगाने पाहिले तर तिच्यात वेगळेच काही दिसते. पवळाबाई आल्या आणि तमाशाची अर्थव्यवस्था फिरली. तोवर फड शाहिराच्या नावावर चालत होता, आता लोक नाचणारीचे नाव विचारू लागले. फडाच्या नावात बाईचे नाव जोडण्याची रीत पुढे घट्ट झाली, तिची सुरुवात इथे आहे.

त्याच वेळी या कमाईबद्दल एक कठीण प्रश्न दलित समाजातूनच उभा राहिला. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली, असे सांगितले जाते. आपल्या समाजातल्या स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा चळवळीला नको, ही त्यामागची भूमिका. इतिहासकार शैलजा पाईक यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हा ताण विस्ताराने मांडला आहे: नर्तकीला जात ढकलत होती, गाव तिला पाहायला पैसे देत होते आणि तेच गाव सकाळी तिला अश्लील म्हणत होते. ज्या बाईचे पोट त्या नाचावर होते, तिला या वादात आपली बाजू मांडायला कुणी बोलावले नाही.

मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या तसा तमाशाला बारमाही प्रेक्षक मिळाला. घाटावरून आणि कोकणातून आलेले कामगार गिरणगावात एकएकट्याने राहत. पगार झाला की तमाशा थिएटरात गर्दी उसळे. लालबागचे हनुमान थिएटर हे त्यातले नावाजलेले. नेराळे कुटुंबाने ते चालवले आणि मधुकर नेराळे यांनी तमाशा कलावंतांसाठी तिथून बरीच वर्षे काम केले. मुंबईच्या थिएटरात फड लागला म्हणजे काही आठवडे मुक्काम, रोजचा खेळ आणि डोक्यावर छप्पर. यात्रेत आज या गावी तर उद्या त्या गावी फिरणाऱ्या नर्तकीला हे केवढे सुख वाटत असेल! लहान मूल पदरी असलेल्या बाईला तर अधिकच.

मग स्वातंत्र्य आले आणि बंदी आली. 1948 मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी धावपळ केली, अर्ज-विनंत्या केल्या. दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि संहिता आधी तपासून घ्यायची या अटीवर तमाशा पुन्हा सुरू झाला. पुढे 1954 मध्ये या तपासणीसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आले. बंदीच्या आदल्याच वर्षी, 1947 मध्ये, व्ही. शांताराम यांचा ‘लोकशाहीर राम जोशी’ पडद्यावर आला होता. त्यात हंसा वाडकरांनी बया ही नायिका साकारली आणि पांढरपेशे कुटुंब बायकामुलांसह लावणी पाहायला गेले. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्याच्या विजयानंद थिएटरात 131 आठवडे मुक्काम केला. तिथल्या यशाने जयश्री गडकर मोठ्या झाल्या, ज्यांनी सुरुवात समूहनृत्यातली एक मुलगी म्हणून केली होती. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी 1990 च्या दशकात नेमके यावर बोट ठेवले: लावणी सिनेमात सभ्य झाली, पण ती पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या स्त्रियांना त्या सभ्यतेचा वाटा मिळाला नाही. आणि मेहनताना? तोही फारसा नाही. पडद्यावरच्या लावणीची मागणी यात्रेत वाढली, नर्तकीला सिनेमाची गाणी शिकावी लागली आणि पारंपरिक बैठकीची लावणी म्हणणाऱ्या जुन्या कलावती मागे पडल्या.

या व्यवसायाच्या दोन वाटा आहेत आणि बाहेरचा माणूस हमखास त्यांची गल्लत करतो. एक ढोलकी फड. त्यात गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग असा रात्रभराचा खेळ असतो, शंभरावर माणसे, मालट्रक, तंबू आणि जनरेटर असतात. दुसरी संगीत बारी. इथे वग नाही. आठ-दहा जणांची पार्टी, तिची मालकीण एक अनुभवी गाणारी किंवा नाचणारी बाई, सोबत पेटी, तबला, ढोलकी. पार्ट्या आळीपाळीने रंगमंचावर येतात, म्हणून बारी. पुण्याचे आर्यभूषण, चौफुला, मोडनिंब, जामखेड अशा ठिकाणची थिएटरे किंवा कलाकेंद्रे या पार्ट्यांना खोल्या देतात. तिकिटाच्या उत्पन्नात थिएटर मालकाचा आणि पार्टीचा हिस्सा ठरलेला असतो. रात्री खासगी बैठक होते, दौलतजादा होते, म्हणजे रसिक पैसे उधळतात, त्यातही वाटे पडतात. संगीत बारीत कोल्हाटी आणि कळवात समाजांतल्या स्त्रिया अधिक. घरातल्या मुलीने पायात चाळ बांधायचे आणि घर चालवायचे, भावाने तिच्या कमाईवर जगायचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ने 1994 मध्ये ती मराठी वाचकाच्या थेट समोर आणून ठेवली.

ढोलकी फडात नोकरी मिळते ती उचलीवर, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेवर. दसऱ्याला फड बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास परततात. मधल्या पावसाळ्यात हाताला काम नसते. घराचे छप्पर, मुलांची शाळा, आजारपण, बहिणीचे लग्न, सगळे त्या चार-पाच महिन्यांत येते. फडमालक पुढच्या हंगामाची उचल देतो आणि ती हंगामभर पगारातून कापली जाते. दुसऱ्या फडात जायचे तर आधी पहिल्याची उचल फेडायची. ऊसतोडणी कामगाराला हे गणित वेगळे सांगावे लागत नाही. फडमालकही मोकळा नसतो, तो सावकाराकडून व्याजाने रक्कम उचलतो. पाऊस चांगला झाला नाही, यात्रा फिक्या गेल्या, की तोटा वरून खाली झिरपत येतो आणि शेवटी नाचणाऱ्या बाईच्या पगारावर थांबतो. करार कागदावर क्वचितच असतो. शब्द, वही आणि उचल, एवढाच तिचा पुरावा.

या व्यवहाराच्या वरच्या टोकाला पोचलेल्या बायका मोजक्या आहेत. विठाबाई नारायणगावकर त्यांतल्या सर्वांत उंच. जन्म 1935. आजोबांपासून घरात फड; वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या नावाचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ फड सबंध महाराष्ट्र ओळखत होता. विठाबाईंच्या बाळंतपणाची गोष्ट तमाशाच्या दुनियेत सगळ्यांना पाठ आहे. दिवस भरलेले असताना त्या खेळात उभ्या राहिल्या, कळा सुरू झाल्या तेव्हा आत गेल्या, मूल झाले, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. ही गोष्ट त्यांच्या जिद्दीसाठी सांगतात आणि ती जिद्द थोर आहेच. पण तिच्यात एका नोकरीची अवस्थाही आहे. खेळ मोडला तर सुपारी बुडते, शंभर पोटे उपाशी राहतात, आणि हे ओझे मालकीण म्हणून तिच्याच डोक्यावर होते. 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींकडून गौरव झालेल्या या बाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. 2002 मध्ये त्या वारल्या तेव्हा दवाखान्याचे बिल लोकांच्या मदतीतून भरले गेले. पुढे राज्य सरकारने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

कांताबाई सातारकरांची वाट निराळी. तुकाराम खेडकर यांच्यासोबत त्यांनी फड गाजवला, 1964 मध्ये खेडकर गेले आणि सगळे पुन्हा उभे करायची वेळ आली. त्यांनी स्वतःच्या नावाने फड काढला. पुढे मुलगा रघुवीर खेडकर यांनी तो सांभाळला. 2021 मध्ये करोनाच्या काळात कांताबाई गेल्या. विठाबाईंची थोरली मुलगी मंगला बनसोडे यांनीही आपल्या नावाचा फड उभा केला. या तिघींच्या फलकांकडे पाहताना एक गोष्ट मनात राहते: मालकीण स्वतः नाचलेली असते, म्हणून दुखरा पाय, चुकलेली पाळी, घरून आलेला फोन हे तिला सांगावे लागत नाही. तरी उचलीची रीत तिच्याही फडात तीच असते. व्यवसायाचा पायाच तसा घातला गेला आहे.

1982 चा गिरणी संप झाला आणि मुंबईच्या तमाशा थिएटरांचा कणा मोडला. अडीच लाख कामगारांचे पगार थांबले, गिरणगावची वस्ती पांगली. बारमाही काम गेले, राहिली ती यात्रा आणि महामार्गावरची कलाकेंद्रे. पुढच्या दशकात अकलूजची लावणी स्पर्धा सुरू झाली आणि संगीत बारीच्या पार्ट्यांना परीक्षकांसमोर, स्त्री-प्रेक्षकांसमोर उभे राहायची संधी मिळाली. बक्षिसाचे नाव पुढे कार्यक्रमांच्या जाहिरातीत लागू लागले, म्हणजेच ते भाव ठरवताना उपयोगी पडू लागले. सुरेखा पुणेकरांनी नाट्यगृहात तिकीट लावून लावणीचा कार्यक्रम घराघरातल्या बायकांपर्यंत नेला. वाईच्या लावणी कलावती यमुनाबाईंना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. भूषण कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक आणि सावित्री मेधातुल यांच्यासह त्यांनी उभा केलेला त्याच नावाचा प्रयोग यांमुळे शकुंतलाबाई नगरकरांसारख्या कलावती शहरी रंगमंचावर आपल्या नावाने, आपल्या अदाकारीने उभ्या राहिल्या.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली ती नेमकी चैत्राच्या तोंडावर. सुपाऱ्या रद्द झाल्या, इसार परत मागितले गेले. पुढच्या वर्षीही यात्रा भरल्या नाहीत. उचल घेतलेल्या नर्तकींकडे फेडायला हंगामच उरला नव्हता. वृद्ध कलावंतांसाठी राज्याची मानधन योजना 1950 च्या दशकापासून आहे, पण तिच्यासाठी कलावंत असल्याचे पुरावे जोडावे लागतात. तीस वर्षे यात्रांत नाचलेल्या बाईच्या नावाचे कात्रण कुठून निघणार? फलकावर फोटो असतो, तो पुढच्या हंगामात बदलतो.

गावी खेळ झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते. रात्रभर जागलेल्या नर्तकी पुन्हा चाळ बांधतात आणि गावासमोर उभ्या राहतात. उन्हात, तोंडावरचा रंग पुसलेला, डोळे तांबारलेले. गावकरी बक्षीस देतात, देणाऱ्याचे नाव मोठ्याने पुकारले जाते. दुपारी कुस्त्या लागतात तेव्हा मालट्रक पुढच्या गावाच्या रस्त्याला लागलेला असतो आणि ढोलक्या, पेट्या, ट्रंका यांच्या मधल्या जागेत बायका पाय पसरून झोपलेल्या असतात. बुद्धपौर्णिमेनंतर फड परततो, हिशेब होतो, उचल वजा होते. उरलेले पैसे पदरात बांधले की लगेच बोलणे निघते ते पुढच्या हंगामाच्या उचलीचे.