फुलांचा राजा आणि राजाचे अधिकारी

चीन देशात एक जुनी आख्यायिका सांगतात. सम्राज्ञी वू त्झतियान हिने ऐन हिवाळ्यात आज्ञा केली की, उद्या सकाळी राजोद्यानातील यच्चयावत फुलांनी उमलले पाहिजे. बाकीची फुले मुकाट्याने उमलली. एकट्या मूदानने मात्र ऋतू येण्यापूर्वी उमलावयाचे नाकारले. संतापलेल्या सम्राज्ञीने त्याला लोयांग नगरीस हद्दपार केले आणि तेथे ते असे काही बहरले की, लोयांग आणि मूदान ही नावे पुढे कायमची जोडली गेली. इतिहास म्हणून या कथेला आधार नाही. वू त्झतियानने इ. स. ६९० ते ७०५ या आपल्या कारकिर्दीत लोयांगलाच राजधानी केली होती. तेव्हा तिकडे धाडणे ही काही शिक्षा नव्हे. तथापि फुलाचा आणि राजसत्तेचा संबंध कसा असतो, याविषयीची लोकांची समजूत या कथेत उतरली आहे. त्याच संबंधाचा थोडा खरा इतिहास आज मला आपणांपुढे मांडावयाचा आहे.

मूदान म्हणजे पिओनी या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या कुळातील एक झुडूप. या कुळाचे मुख्य प्रकार दोन. मूदानचे खोड लाकडी असते व ते वर्षानुवर्षे जमिनीवर उभे राहते. दुसऱ्या प्रकाराला चिनी लोक शाओयाओ म्हणतात. त्याचा जमिनीवरील भाग दर हिवाळ्यात वाळून जातो आणि वसंतात मुळांवरच्या डोळ्यांतून तांबूस कोंब पुन्हा वर येतात. दोहोंचेही फूल ओंजळ भरून जाईल एवढे मोठे असते. आपल्या दख्खनच्या अंगणात ही झाडे सहसा फुलत नाहीत, कारण पुढील वर्षी फुलण्यासाठी त्यांना कित्येक आठवड्यांची कडाक्याची थंडी लागते. मात्र भारताला हे कुळ अगदीच परके नाही. काश्मीरपासून हिमाचल व कुमाऊंपर्यंतच्या पहाडांत पांढऱ्या, एकेरी पाकळ्यांची एक जात रानात फुलते आणि तिचे मूळ युनानी हकीम ‘ऊदसलीब’ या नावाने अपस्मारावर देत आले आहेत. सिमला, नैनिताल किंवा अल्मोडा या बाजूस राहणाऱ्या श्रोत्यांपैकी कोणी ती पाहिलीही असेल.

आता लोयांगकडे वळू. इ. स. १०३१ साली ओयांग श्यू नावाचा एक तरुण अधिकारी तेथे रुजू झाला. आदल्याच वर्षी तो राज्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला होता. त्या काळी सुंग घराण्याची राजधानी पूर्वेस कायफंग येथे होती, आणि लोयांग ही मान असलेली परंतु दुय्यम अशी पश्चिमेची राजधानी होती. पुढे हा ओयांग श्यू इतिहासकार, निबंधकार आणि मंत्री म्हणून विख्यात झाला. पण लोयांग सोडल्यावर, १०३४ च्या सुमारास, त्याने जे एक लहानसे पुस्तक लिहिले ते राज्यकारभाराविषयी नव्हते. लोयांगच्या मूदान फुलांची ती एक नोंद होती.

या पुस्तकात तो जे प्रांजळपणे सांगतो, ते बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या कोणालाही पटेल. लोयांगमध्ये त्याच्या वाट्याला चार वसंत आले. पहिल्या वर्षी तो उशिरा पोहोचला आणि त्याला अखेरची फुलेच दिसली. दुसऱ्या वर्षी तो मित्रासमवेत सुंगशान पर्वतावर गेला, आणि परत येईपर्यंत बहर सरला होता. तिसऱ्या वर्षी पत्नीच्या निधनाचे दुःख होते. चौथ्या वर्षी मुदत संपल्यामुळे, आरंभीची फुले पाहून त्याला नगर सोडावे लागले. म्हणजे ज्या बहराचा हा पहिला मोठा वृत्तांतकार, तो पूर्ण बहर त्याने कधी पाहिलाच नाही. आणि तसे त्याने लिहूनही ठेवले.

त्याचा वरिष्ठ छ्यान वेइयेन हा जुन्या राजघराण्यातला, रसिक आणि थाटाचा माणूस. एकदा ओयांग त्याच्याकडे गेला असता बैठकीमागील लहान पडद्यावर बारीक अक्षरांत काही लिहिलेले दिसले. ती मूदानच्या जातींची नावे होती, नव्वदांहून अधिक. छ्यानला त्यांचा ग्रंथ करावयाचा होता. ओयांगने मात्र आपल्या नोंदीत चोवीसच जाती घेतल्या. त्याचे म्हणणे असे की, आपण स्वतः पाहिलेल्या आणि लोकांच्या तोंडी असलेल्या जाती तिसांच्या आसपास भरतात. वरिष्ठांनी एवढी नावे कोठून मिळविली ते आपणास ठाऊक नाही. वरिष्ठाच्या आकड्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणारा हा कनिष्ठ अधिकारी होता, म्हणूनच त्याची नोंद आज हजार वर्षांनीही उपयोगी पडते.

त्या नोंदीतून एक संपूर्ण नगर उभे राहते. वसंतात लोयांगमधील लहानथोर सारे केसांत फूल माळत, ओझी वाहणारे हमालसुद्धा. जुनी देवळे, ओसाड वाडे, तळ्याकाठच्या जागा येथे बाजार भरत, राहुट्या पडत, वाद्ये वाजत, आणि हे सारे फुले गळेपर्यंत चाले. उत्तमोत्तम जातींची नावे पाहिली तर ती बहुधा घराण्यांची आहेत. ‘याओ हुआंग’, म्हणजे याओंचे पिवळे, हे फुलांचा राजा मानले गेले. हे याओ कुटुंब साध्या प्रजाजनांचे होते, आणि त्यांच्या झाडाला वर्षाकाठी थोडीच फुले येत. ‘वेइ’ नावाचे तांबूस फूल राणी ठरले. ते मुळात एका लाकूडतोड्याला डोंगरात सापडले आणि त्याने ते वेइ या मंत्र्याच्या घराण्याला विकले. ते पाहावयास येणाऱ्यांना दहा-बारा नाणी देऊन होडीने तळे ओलांडून जावे लागे, आणि वेइ घराण्याला या गर्दीपासून भरघोस उत्पन्न होई.

परंतु ओयांगचे खरे ऋण आहे ते त्याने बागाईतदारांच्या हातची विद्या टिपून ठेवली याबद्दल. वसंताच्या प्रारंभी डोंगरातून रानटी रोपे खणून आणून शहरात विकली जात. ती वाफ्यात लावीत आणि शरद ऋतूत त्यांवर कलम करीत. खुंट जमिनीपासून वीतभर उंचीवर कापावयाचा, सांधा चिखलाने लिंपावयाचा, भोवती भुसभुशीत माती चढवावयाची आणि वर पानांची खोपटी करून ऊनवाऱ्यापासून त्याला जपावयाचे. हवा खेळावी म्हणून दक्षिणेकडे तेवढी एक लहान फट ठेवावयाची. लावणीपूर्वी जुनी माती काढून टाकून नव्या बारीक मातीत एका औषधी वेलीच्या मुळीची पूड मिसळीत, कारण मूदानचे मूळ गोड असते व त्याला कीड लवकर लागते. पाणी सूर्योदयापूर्वी किंवा सूर्य पश्चिमेकडे कलल्यावर घालीत, आणि त्याचे प्रमाण महिन्यागणिक ठरलेले असे. एका फांदीवर अनेक कळ्या आल्या तर एक-दोन ठेवून बाकीच्या खुडीत. फूल गळताच देठ छाटीत, बी धरू देत नसत, कारण त्यामुळे झाड लवकर म्हातारे होते.

आजचा कोणताही जाणता माळी हे वाचून मान डोलावील. आजही पिओनीची लावणी शरदातच करतात. आजही मोठे फूल हवे असल्यास बाजूच्या कळ्या खुडतात आणि कोमेजलेली फुले काढून टाकतात. आजच्या ज्ञानाने त्यात काही भर घातली आहे. शाओयाओचे डोळे मातीखाली दोन इंचांपेक्षा खोल गेले तर झाड पाने देते, पण फुलावयाचे नाकारते. कलमी मूदान मात्र याच्या उलट खोल लावावे, सांधा चार ते सहा इंच मातीखाली जावा, म्हणजे वरच्या कलमाला स्वतःची मुळे फुटतात. पाणी साचणारी जमीन दोघांनाही वर्ज्य. करपलेल्या कळ्या व रोगट पाने वेळीच काढून नष्ट करावी लागतात, नाहीतर बुरशी पुढल्या वर्षीही ठाण मांडते. लावलेले झाड वरचेवर हलवू नये. पुरता बहर येण्यास तीन-चार वर्षे लागतात. पण एकदा स्थिरावलेले झाड पन्नास वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ फुलत राहते. म्हणजे आजा लावतो आणि नातू फुले पाहतो, अशा जातीचे हे झाड आहे.

अशा दीर्घ सबुरीच्या वस्तूशी सत्तेची गाठ पडली की काय होते, हेही ओयांगनेच नोंदले आहे. याओ हुआंगच्या एका कलमकाडीला पाच हजार नाणी पडत. शरदात करारपत्र होई आणि वसंतात प्रत्यक्ष फूल पाहिल्यावरच पैसे चुकते केले जात. गिऱ्हाइकाचा माळ्यावर आणि माळ्याचा गिऱ्हाइकावर एवढा विश्वास होता. पण एखाद्या बड्या अधिकाऱ्याने आपल्या वजनाच्या बळावर कलमकाडी मागितली, तर लोयांगचे लोक काय करीत? नाही म्हणण्याची सोय नव्हती. तेव्हा ते कधी कधी ती काडी कढत पाण्यात बुडवून मारीत आणि मग नम्रपणे हवाली करीत. या एका नोंदीत राज्यशास्त्राचा मोठा धडा आहे. आज्ञेने काडी मिळते. तिच्यातला जीव आज्ञेने मिळत नाही.

कापलेले फूल मात्र आज्ञेने मिळू शकत होते. दर वर्षी लोयांगहून एक अधिकारी टपालाच्या घोड्यावरून एक दिवस आणि एक रात्र दौडत कायफंगला जाई. बरोबर याओ आणि वेइ जातींची अवघी तीन-चार फुले असत. वेळूच्या करंडीत भाजीचा पाला घालून ती अशी बसवीत की घोड्याच्या चालीने हिंदकळू नयेत, आणि देठाला मेण लावून बंद करीत, म्हणजे ती कित्येक दिवस ताजी राहत. ही प्रथा कोणी पाडली याविषयी ओयांग एका अधिकाऱ्याचे नाव घेतो, तर पुढील पिढीतील सू शी हा तिचा दोष छ्यान वेइयेनच्या माथी मारतो. प्रथा पाडणारा कोणी का असेना, ती पुढे पसरली, आणि तिचे रूपही बदलले.

सू शी हा ओयांगचाच पाठीराखा लाभलेला विद्वान. १०५७ सालच्या परीक्षेत ओयांग मुख्य परीक्षक होता आणि सू शी तेव्हाच उत्तीर्ण झाला. १०९२ साली तो यांगचौ येथे प्रमुख अधिकारी म्हणून गेला. यांगचौ हे शाओयाओचे माहेर. तेथे आधीच्या एका अधिकाऱ्याने लोयांगच्या धर्तीवर ‘दहा हजार फुलांचा मेळा’ सुरू केला होता. त्यासाठी एका वेळी लाखाहून अधिक फुले तोडली जात. बागा उजाड होत, आणि फुले गोळा करण्याच्या निमित्ताने कनिष्ठ कारकून रयतेला नाडीत. सू शीने रुजू होताच लोकांना विचारले की, तुम्हांला कसली पीडा आहे? पहिलेच उत्तर या मेळ्याचे आले. त्याने तो बंद केला. मजेवर विरजण पडले खरे, पण एक पाप तरी टळले, अशा आशयाचे त्याने एका मित्राला कळविले. ध्यानात घ्या, हा माणूस अरसिक नव्हता. चिनी भाषेतील श्रेष्ठ कवींत त्याची गणना होते. फुलांवर प्रेम होते म्हणूनच फुलांचा सरकारी उत्सव त्याला सहन झाला नाही.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. १०९५ साली ली गफेइ याने लोयांगच्या नामांकित बागांचे वर्णन लिहिले आणि शेवटी बजावले की, या बागांचा उत्कर्ष-अपकर्ष हे लोयांगच्या, आणि पर्यायाने साम्राज्याच्या, दैवाचे लक्षण आहे. बत्तीस वर्षांनी, ११२७ साली, उत्तरेकडील चिन सैन्याने कायफंग जिंकले. लोयांगही सुंग राज्याच्या हातून गेले. ती फुलांची दौड थांबली, मेळे थांबले, मंत्र्यांचे बगीचे मोडले. पण विद्या मेली नाही. ११७८ साली लू यू या कवीने दूर सचुआन प्रांतातील फंगचौ गावच्या मूदान फुलांची नोंद लिहिली. तेथील लोकांनी हा शौक इतका मनापासून जोपासला होता की, त्या गावाला ‘धाकटी पश्चिम राजधानी’ म्हणत. राज्य गमावले, नगर गमावले, तरी कलम कसे बांधावे, कळी कोणती खुडावी, हे घरोघरच्या माणसांना ठाऊक होते, आणि कोणा तरी लिहित्या अधिकाऱ्याने ते टिपून ठेवले होते. लोयांगमध्ये आज याच फुलाला नगरपुष्पाचा मान आहे आणि १९८३ पासून वसंतात तेथे त्याचा उत्सव भरत आला आहे.

एकाच फुलाशी संबंध आलेले हे तीन तऱ्हेचे अधिकारी आपण पाहिले. एकाने ते धन्याला खूष करण्यासाठी घोड्यावरून धाडले. दुसऱ्याने ते पिकविणाऱ्यांच्या शेजारी उभे राहून त्यांची रीत लिहून घेतली. तिसऱ्याने, आपल्या शोभेसाठी लोकांच्या बागा ओरबाडल्या जाऊ नयेत, म्हणून उत्सवच थांबविला. पहिल्याची फुले चार दिवसांत कोमेजली. उरलेल्या दोघांनी केलेले काम मात्र आजही कोणत्याही राज्यातील, कोणत्याही कचेरीतील माणसाला करता येण्यासारखे आहे. आपल्याकडे मूदान नसेल. पण गावोगावी पानमळा राखणारे, हापूसचे कलम बांधणारे, मोगऱ्याच्या छाटणीची वेळ अचूक ओळखणारे हात आहेत. त्यांची विद्या विचारून लिहून ठेवावी आणि त्यांच्या वाटेत आपण येऊ नये, एवढे दोन नियम त्या दोघा अधिकाऱ्यांपासून घेता आले तरी पुष्कळ झाले.