बागेतली १५ इंची आगगाडी

श्रोतेहो, खेळण्यातली आगगाडी म्हटली की किल्ली दिल्यावर फरशीवर गरगर फिरणारी गाडी डोळ्यांपुढे येते. आज मात्र एका बागेतल्या गाडीची हकिकत ऐका. तिच्यात माणसे बसत, आणि तिच्यासाठी घडवलेल्या एका इंजिनाने पुढे दूरच्या एका खोऱ्याची सेवा केली.

इंग्लंडात डार्बी शहराजवळ डफील्ड नावाचे गाव आहे. तिथे सर आर्थर हेवूड हे गृहस्थ राहत. जन्म १८४९ चा. घराणे उमरावाचे, शिक्षण केंब्रिजचे आणि ओढ सारी यंत्रांची. पण पोटासाठी इंजिनिअरी करणे त्या काळी उमरावाला शोभत नसे. मग काय करावे? त्यांनी घरीच कारखाना थाटला.

लहानपणी त्यांनी ४ इंच रुंदीच्या रुळांवर छोटी गाडी चालवली होती. मग भावंडांना बसता यावे म्हणून ९ इंची रूळ टाकले. पण माणसे बसली की तोल नीट राहीना. अखेर त्यांनी ठरवले, माणसे आणि माल सुरक्षित नेण्यासाठी कमीत कमी १५ इंच हवेत. १५ इंच म्हणजे किती? आपल्या माथेरानच्या गाडीचे रूळ २ फूट अंतरावर आहेत. हे अंतर त्याहूनही ९ इंचांनी कमी. शिक्षकबंधूंनी शाळेच्या अंगणात खडूने दोन रेघा ओढून मुलांना दाखवावे.

१८७४ पासून हेवूड यांनी आपल्या बागेत हे रूळ टाकले. जागा डोंगरउताराची, चढ तीव्र, वळणे आखूड. बोगदा, पूल, स्टेशने, सगळे काही होते. इतकेच काय, जेवणाचा आणि झोपण्याचा डबासुद्धा! पाहुण्यांना मौज वाटे. हेवूड यांचा हेतू मात्र मौजेचा नव्हता. बैलगाडी किंवा घोडागाडी पुरत नाही आणि मोठी रेल्वे परवडत नाही, अशा शेतवाडीला, खाणीला स्वस्त रेल्वे मिळावी, हे त्यांना सिद्ध करायचे होते. म्हणून त्यांनी मोठ्या इंजिनाची नक्कल केली नाही. इंजिनाच्या सर्व चाकांना वाफेचा जोर मिळावा आणि तरी आखूड वळणावर ती वळावीत, अशी रचना त्यांनी स्वतः शोधून काढली.

लोकांनी पाहिले, वाखाणले, आणि घरी गेले! गिऱ्हाईक मिळाले ते एकच मोठे. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकनी ईटन हॉल या आपल्या वाड्यापर्यंत अशी रेल्वे बांधून घेतली. १८९६ पासून तिच्यावरून कोळसा नि इतर माल जाऊ लागला. १९१६ साली हेवूड वारले आणि डफील्डच्या बागेतली रेल्वेही संपली.

आता वायव्य इंग्लंडच्या किनाऱ्यावर रेव्हनग्लासला चला. तिथून एस्कडेल खोऱ्यात लोखंडाच्या दगडासाठी १८७५ साली ३ फूट रुंदीची रेल्वे निघाली होती. ती तोट्यात जाऊन १९१३ साली बंद पडली. १९१५ साली नमुन्याच्या गाड्या बनवणारे बॅसेट-लोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १५ इंची रूळ टाकायला घेतले. त्यांचे इंजिन मोठ्या एक्स्प्रेस इंजिनाची सुबक प्रतिकृती. दिसायला देखणे, पण खोऱ्यातला चढ आणि रोजचे ओझे त्याला झेपेना. तेव्हा हेवूड यांची बागेतली इंजिने तिथे आली. ती ओबडधोबड होती खरी, पण कामाला दणकट! त्यांतले एक, १८९४ साली बनवलेले ‘म्यूरिएल’. १९२७ साली त्याला नवा बॉयलर बसला आणि ‘रिव्हर अर्ट’ हे नाव मिळाले.

पुढे खाणीचा धंदाही थांबला. १९६० साली रेल्वे लिलावात निघाली. तेव्हा रेल्वेप्रेमी मंडळी एकत्र आली, दोन धनिकांनी हात दिला आणि रेल्वे वाचली. आजही तिथे ७ मैलांवर प्रवाशांची गाडी धावते, आणि ‘म्यूरिएल’चा सांगाडा व चाके घेऊन ‘रिव्हर अर्ट’ अजून काम करते.

श्रोतेहो, हेवूड यांच्या हयातीत पुष्कळांना त्यांची रेल्वे हा श्रीमंताचा छंद वाटला असेल. पण त्यांनी आधी काम पाहिले आणि मग त्या कामाला पुरेल एवढे लहान यंत्र घडवले. आपल्या गावासाठी पंप, गाडा किंवा यंत्र घेताना हाच प्रश्न आधी विचारावा: शेजारच्या मोठ्या यंत्रासारखे ते दिसते का, हे नव्हे, तर आपले काम ते रोज निभावेल का?