कंपनीचें दूरधोरण आणि वसई

व्यापारी संस्था लाभाचा हिशेब वर्षांनीं न करतां पिढ्यांनीं करूं लागली म्हणजे काय घडतें, याचा दाखला वसईसंबंधींच्या तहनाम्यांत सांपडतो.

१७३९ त चिमाजी आप्पांनीं पोर्तुगीजांकडून वसई घेतली. मुंबईकर इंग्रज कंपनीनें लगेच इंचबर्ड यास पाठवून तह केला व व्यापाराची मोकळीक मिळविली. पण मुंबईस लागून असलेल्या साष्टीवरील दृष्टि काढली नाहीं. १७७२ त मॉस्टिन पुण्यास आला तो साष्टी-वसई पदरांत पाडण्यासाठींच. १७७४ च्या अखेरीस कंपनीनें ठाणें घेतलें. १७७५ त राघोबादादांकडून दोन्हीं स्थळें सुरतेस लिहून घेतलीं. हा तह कलकत्तेकरांनीं अमान्य केला, तरी १७७६ च्या पुरंदरच्या तहांतही साष्टी सुटली नाहीं.

१७८० त गॉडर्डनें वसई जिंकली. १७८२ त सालबाईस ती परत केली, साष्टी मात्र ठेवली. वसई परत आली हें आपण यश मानतों. परंतु मुंबईचें द्वार कंपनीच्याच हातीं राहिलें. पुढें ता. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्याच वसईंत दुसऱ्या बाजीरावांनीं तैनाती फौज पत्करून तिच्या खर्चास २६ लक्षांचा मुलूख तोडून दिला.

अलब्धाचा लाभ व लब्धाचें रक्षण हीं कौटिल्यानें सांगितलेलीं राजकार्यें येथें वखारवाल्यांनीं साधलीं. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, तहनामे व व्यापारी हिशेबाचे कागद निरनिराळ्या रुमालांत बांधूं नयेत. तहनाम्यांत प्रसंग दिसतो. हेतु पुष्कळदां हिशेबांत असतो.