पाळीव कुत्र्याला दुसरे कुत्रे चावले तर काय करावे

दोन कुत्री भिडली की मालक आधी पट्ट्याला, नाहीतर तोंडाजवळ हात घालतो. त्या क्षणी आपलेच कुत्रे आपल्याला चावते, कारण ते बघून चावत नसते. बादलीभर पाणी मारावे, पत्र्यावर काठी आपटावी, दोघांच्या मध्ये फळी किंवा खुर्ची सरकवावी, हल्ला करणाऱ्याच्या डोक्यावर पोते टाकावे. छोटे कुत्रे उचलून डोक्यावर धरू नये. खालचे कुत्रे त्याच्यासाठी आपल्या अंगावर उडी मारते.

सुटका झाल्यावर आपले कुत्रे शेपूट हलवत घरी येते, चारदोन केस उपटलेले आणि दाताचे एखादे भोक दिसते, आणि घरचे म्हणतात, "काही नाही, थोडेसेच लागले." नेमकी हीच जखम फसवी असते. कुत्र्याची कातडी सैल असते. सुळा आत गेला आणि वरच्याने हिसडा मारला की वर भोक बारीक राहते, पण आत कातडी मांसापासून सुटते, मांस चिरडते, आणि त्या पोकळीत लाळ व माती अडकते. दोन-तीन दिवसांनी तिथे गळू येते, कधी कातडी काळी पडून गळते. मोठ्या कुत्र्याने पग किंवा पामेरियनला तोंडात धरून झटकले असेल तर बाहेर काही न दिसताही बरगडी मोडलेली, फुप्फुसाला किंवा पोटाला मार लागलेला असू शकतो. म्हणून भोक केवढे आहे यावरून ठरवू नये. चावा बसला असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे.

दुखणारे कुत्रे मालकालाही चावते. आधी सुती पट्टीने किंवा ओढणीने त्याचे तोंड सैलसर बांधावे. धाप लागली असेल, उलटी होत असेल किंवा तोंड चपटे असेल तर बांधू नये. मानेला चावा असेल तर गळ्यातला पट्टा काढावा. मग हातमोजे घालून केस बाजूला करत अंगभर बोटे फिरवावीत, कारण दात दोन बाजूंनी लागतात आणि एक भोक दिसले की दुसरे कुठेतरी असतेच. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड पाच-दहा मिनिटे सलग दाबून धरावे. दर मिनिटाला उचलून बघितल्याने धरलेली गुठळी सुटते. दोरीने आवळून बांधू नये.

रक्त थांबल्यावर साध्या जखमा साबण आणि भरपूर वाहत्या पाण्याने धुवाव्यात. खोल भोकासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट दोन छोटे चमचे मीठ घालून ते पाणी सुई नसलेल्या सिरिंजने सोडावे. वरून पोव्हिडोन आयोडिन लावायचे तर पातळ चहाच्या रंगाइतके सौम्य करून. छातीच्या किंवा पोटाच्या भोकात मात्र पाणी सोडू नये, ओले कापड झाकून निघावे. तिखट, चुना, तंबाखू, राख, डिझेल यांपैकी काहीही भरू नये. आपल्याकडे अजूनही कुणीतरी मोठ्या विश्वासाने मिरचीपूड घेऊन येते. त्याने विषाणू मरत नाही, जखम तेवढी भाजते. डेटॉलही नको, आणि मांजराला तर मुळीच नको.

घरातल्या गोळ्या देऊ नयेत. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

ताबडतोब निघायचे ते केव्हा? हिरड्या पांढुरक्या पडल्या, श्वास उथळ आणि भरभर चालू झाला, छातीच्या भोकातून हवेचा आवाज येतो, पोटावर चावा आहे, मागचे पाय ओढते आहे, डोळा बाहेर आला आहे, रक्त थांबत नाही. अशा वेळी जखम धुण्यात वेळ घालवू नये. फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर ठेवून, पांघरूण घालून न्यावे, पाणी पाजू नये. बैहरहून बालाघाट म्हणजे गांगुलपाऱ्याचा घाट आलाच, आणि रात्री तो रस्ता लवकर कापला जात नाही. त्यामुळे आधी इथल्या सरकारी पशु चिकित्सालयात रक्तस्राव, वेदना आणि सलाइन यांची सोय करून मग पुढे जाणे बहुधा शहाणपणाचे. फिरत्या पशुचिकित्सा वाहनासाठी 1962 हा क्रमांक आहे. एक्स-रे किंवा मोठी शस्त्रक्रिया लागणार असेल तर बालाघाट, गोंदिया, आणि त्यापुढे नागपूर किंवा जबलपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. निघण्यापूर्वी फोन करून डॉक्टर आहेत ना हे विचारावे.

चाव्याची जखम डॉक्टर कधी कधी टाके न घालता उघडी ठेवतात किंवा पू वाहून जायला नळी घालतात. तो हलगर्जीपणा नसतो. आतली घाण बाहेर यायला वाट हवी असते. पावसाळ्यात माश्या बसून किडे पडतात. फिनाइल ओतण्याऐवजी दवाखान्यात काढून घ्यावेत.

रेबीज

वार्षिक लस झालेली असली तरी चाव्यानंतर लगेच पुन्हा टोचावे लागते. किती वेळा, ते डॉक्टर लसीचा कागद पाहून ठरवतात. लस कधीच झाली नसेल तर साधारणपणे 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी इंजेक्शने देतात, पहिल्या इंजेक्शनचा दिवस तो 0. मधली चुकवू नयेत.

चावणारे कुत्रे ओळखीचे असेल तर त्याच्या लसीचा कागद मागावा आणि त्याच्यावर 10 दिवस नजर ठेवावी. या आजारात लाळेतून विषाणू येऊ लागतो तो लक्षणांच्या फार तर काही दिवस आधी. म्हणून दहाव्या दिवशी ते धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. रागाच्या भरात त्याला मारून टाकले तर हा पुरावाच हातचा जातो. निकालाची वाट पाहत लस मात्र थांबवायची नाही. भटके कुत्रे असेल तर फोटो काढावा, रंग-खुणा लिहून ठेवाव्यात. आपल्या कुत्र्यावर पुढे काही महिने लक्ष असू द्यावे: स्वभाव बदलणे, आवाज घोगरा होणे, जबडा लोंबणे, लाळ गळणे, अंधारात दडणे. पाण्याला घाबरणे हे माणसातले लक्षण आहे. पिसाळलेले कुत्रे पाणी पिताना दिसू शकते, तेव्हा "पाणी पितंय, म्हणजे ठीक आहे" यावर जाऊ नये.

झुंज सोडवताना ज्याला ओरखडा आला, किंवा लाळेने भरलेले कुत्रे पुसताना ज्याच्या हातावर आधीच चीर होती, त्याने जागा साबणाने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. रक्त आलेले असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. घरातली वडीलधारी माणसे पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या आठवणीने टाळाटाळ करतात. ती जुनी लस देशात 2004 अखेर बंद झाली. आता लस दंडावर देतात.

मालक, नगर परिषद आणि जंगल

चावणारे कुत्रे शेजाऱ्याचे असेल तर आधी बोलून खर्चाचे ठरवावे. छोट्या गावात तेच टिकते. तरीही जखमेचे फोटो, दवाखान्याचा कागद, बिले आणि पाहणाऱ्यांची नावे जपून ठेवावीत. भारतीय न्याय संहितेचे कलम 291 जनावर निष्काळजीपणे सांभाळणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगते, पण ते माणसाला असलेल्या धोक्याबद्दल आहे. फक्त आपल्या कुत्र्याला इजा झाली असेल तर खर्चाची भरपाई हा दिवाणी मामला होतो.

भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही 2023 च्या पशु जन्म नियंत्रण नियमांनुसार नगर परिषदेची जबाबदारी आहे. तोंडी तक्रारीला कुणी दाद देत नाही. ठिकाण, तारीख, वेळ घालून लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. रेबीजचा संशय असलेले कुत्रे पकडून वेगळे ठेवण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. विष घालणे हा कलम 325 खाली गुन्हा आहे, आणि ते खाऊन दुसऱ्याच्या अंगणातले कुत्रेही मरते. उपाय होतो तो लसीनेच. गोव्यात दरवर्षी गल्लोगल्ली कुत्र्यांना टोचत गेले आणि 2021 मध्ये ते देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले. गावातल्या निदान 70 टक्के कुत्र्यांना लस असली तर साखळी तुटते.

मुक्कीकडच्या वस्त्यांत चावणारा कोल्हा किंवा बिबट्याही असू शकतो. त्याच्यावर 10 दिवस नजर ठेवणे शक्य नसते, म्हणून तो रेबीजचाच चावा धरून उपचार सुरू करावेत आणि वन विभागाला कळवावे. उलट दिशेनेही रोग जातो. 2018 मध्ये गीरच्या सिंहांत मृत्यू झाले तेव्हा कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. कान्हाच्या कडेला राहणाऱ्यांनी रेबीजबरोबर डिस्टेंपरची लसही द्यावी आणि कुत्रे जंगलात मोकळे सोडू नये.