शत्रू की बंडखोर?

नागपूरच्या उत्तर भागातील जरीपटका आज ओळखला जातो तो फाळणीनंतर येऊन वसलेल्या सिंधी कुटुंबांमुळे. नाव मात्र मराठ्यांच्या निशाणाचे आहे. युद्धाचा आंतरराष्ट्रीय कायदा वाचू लागलो तेव्हा आम्हाला या नावाने अडवले. हे निशाण उतरले त्या दिवसांत पराभूत शिपायाचे काय झाले? पाठ्यपुस्तके बहुधा १८५९ च्या सोल्फेरिनोपासून आरंभ करतात. आम्ही चाळीस वर्षे मागे जातो.

सीताबर्डीच्या लढाईनंतर, १६ डिसेंबर १८१७ रोजी, अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या छावणीत दाखल झाले. शहरातील अरब शिपायांनी मात्र हत्यार ठेवले नाही. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, इंग्रजांनी केलेला हल्ला त्यांनी परतवला. अखेर बोलणी झाली. बायकामुले, सामान आणि खाजगी हत्यारे घेऊन अरब बाहेर पडले. मलकापूरपर्यंत त्यांना सुरक्षित वाट देण्यात आली. धनी शरण गेल्यानंतरही ते लढले होते, तरी त्यांच्याशी करार झाला तो शत्रूशी करावा तसा.

अवघ्या दोन महिन्यांनी, २७ फेब्रुवारी १८१८ रोजी, तापीकाठच्या थाळनेरपुढे सर टॉमस हिस्लॉपची फौज उभी राहिली. मंदसोरच्या तहाने होळकरांनी हा किल्ला इंग्रजांना दिला होता. किल्लेदार तुळशीराम मामा याने तो सोडला नाही. किल्ल्यातून तोफा झडल्या. ‘विरोध कराल तर बंडखोर समजू’ अशी ताकीद त्याला मिळाली होती. किल्लेदार बाहेर येऊन ताब्यात आला. त्यानंतर आतल्या दरवाजाशी चकमक उडून इंग्रज अधिकारी पडले, आणि मग सुमारे तीनशे जणांची शिबंदी कापली गेली. त्याच संध्याकाळी किल्लेदाराला फाशी दिले. चकमक उडाली तेव्हा तो कैदेत होता, हे ध्यानात घ्यावे.

नागपूर आणि थाळनेर यांत शौर्याचा वा अपराधाचा भेद आम्हाला फारसा दिसत नाही. भेद आहे तो कागदाचा: तहाने किल्ला ज्याचा झाला, त्याच्या लेखी प्रतिकार करणारा शत्रू उरला नाही. खुद्द इंग्रजांनाही ही गोष्ट पचली नाही. मार्च १८१९ मध्ये पार्लमेंटात हिस्लॉपच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा किल्लेदाराच्या फाशीविषयी सभागृहाने मत दिले असे समजू नये, अशी पुस्ती जोडावी लागली. (फाशी दिलेल्याला तिचा काय उपयोग, हे विचारणे आले.)

१९४९ च्या जिनिव्हा करारांतील समान तिसरे कलम थाळनेरला ओळखते. अंतर्गत संघर्षातही शस्त्र खाली ठेवलेल्याला माणुसकीने वागवावे, रीतसर न्यायालयाच्या निकालाविना देहदंड देऊ नये, असे ते सांगते. भारताने १९६० मध्ये या करारांसाठी अधिनियम केला. पण त्यात शिक्षा आहे ती करारांच्या ‘गंभीर उल्लंघनां’ना, आणि ही उल्लंघने त्या करारांनुसार आंतरराष्ट्रीय युद्धापुरतीच मोजली जातात.